लग्नासाठी पाच शेपट्या

चिकालापा गावात लग्न करायचं तर नवरी लागते, नवरा लागतो आणि गेल्या रजब महिन्यापासून खारींच्या पाच शेपट्या लागतात. शेपटी अख्खी, बुडापासूनची. पंचायतीचा कारकून ती लाकडी पट्टीवर ताणून मोजतो आणि शंका आली तर हुंगतोही. हुंगून त्याला काय कळतं हे विचारायची कुणाची हिंमत नाही, कारण दाखल्यावर शिक्का तोच मारतो.

नियम कुवूंनी काढला. कुवू म्हणजे गावचे सरपंच, पाक कार्सिता. गावात माणसं दोन हजार, माड अकरा हजार, आणि खारी किती ते खारींना ठाऊक. खार माडावर चढते, शहाळ्याला देठाशी भोक पाडते, पाणी पिते, मलई खाते आणि रिकामी करवंटी घडाला तशीच लटकत ठेवून जाते. महिन्याभराने ती वाऱ्याने खाली पडते, तेव्हा मालकाला कळतं की आपण कुणाचा संसार चालवत होतो. कुवूंनी आधी या विषयावर भाषण केलं. खारींवर परिणाम झाला नाही. मग त्यांनी फर्मान काढलं, की ज्याला लग्नासाठी पंचायतीचा दाखला हवा त्याने पाच शेपट्या आणाव्यात. प्रेमात पडलेला माणूस वाटेल ते करतो असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं स्वतःचं लग्न मामांनी ठरवलं होतं.

या फर्मानात जुहाना सापडला. वय चोपन्न, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त, नऊ वर्षांपासून विधुर; गाव त्याला कांग म्हणजे दादा म्हणायचं. तीन वेळा मोजल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही ही खात्याची शिस्त त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की तो चपलाही एकदा पायात घालून, काढून, परत घालायचा. बू रुकोया, म्हणजे रुकोयाबाई, ही विधवा बाजाराच्या कोपऱ्यावर उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घालून विकायची. तिला लग्नाचं विचारायला त्याने तीन वर्षं घेतली. पहिलं वर्ष तिच्याकडे रोज जेवण्यात गेलं. दुसरं वर्ष चटणीत मिरची किती हवी ते सांगण्यात गेलं. तिसऱ्या वर्षी त्याने विचारलं, तेही 'समजा' अशी सुरुवात करून.

"समजा काय समजा?" रुकोया म्हणाली. "करायचंय का नाही?"

"करायचंय."

"मग ऐका, कांग. माझी येयेन बांडुंगला बाळंत झालीय. ती म्हणते, आई, ये आणि पोराला सांभाळ. रोजे सुरू व्हायच्या आधी आपलं झालं तर मी इथे. नाही झालं तर मी बांडुंगला. मग ईद तिकडे, पुढची ईदही तिकडे. नातवंडं सोडून परत आलेली बाई तुम्ही पाहिलीय का कुठे?"

जुहानाने पाहिली नव्हती. रोज्यांना एकोणीस दिवस उरले होते, आणि त्याने आयुष्यात झुरळापेक्षा मोठं काही मारलं नव्हतं. झुरळही बहुधा स्वतःच्या कारणाने मेलं असावं.

बंदूक घ्यायला हवी होती. छऱ्याची, हवेच्या दाबावर चालणारी. कायद्याने ती फक्त नेमबाजीच्या खेळासाठी असते, पण चिकालापात खेळ या शब्दात बरंच काही मावतं. कोणती घ्यावी हे विचारायला जुहाना चहाकॉफीच्या टपरीवर गेला आणि तिथेच त्याचे सहा दिवस गेले.

टपरीवर दोन पक्ष होते. सारमेदी साडेपाच मिलिमीटरच्या छऱ्याचा, आणि त्याचा साडू ओयो साडेचारच्या. दोघांची नमाजाची रांग एक, निवडणुकीतला उमेदवार एक, सासुरवाडीवरचा रागही एक. फक्त या एका मिलिमीटरवर गेली बारा वर्षं त्यांचं पटलेलं नव्हतं.

"साडेपाच घ्या, कांग," सारमेदी म्हणाला. "बसला की खार जागेवर. साडेचारचा छर्रा खारीला लागतो तेव्हा तिला वाटतं कुणी हाक मारली."

"बसला की!" ओयो म्हणाला. "तुझा बसतो कधी? जड छर्रा, दहा पावलांपुढे गेला की खाली वाकतो, तुझ्या बापासारखा. साडेचार घ्या. सरळ जातो."

"बापाचं नाव काढू नकोस."

"नाव कुठे काढलं? पाठीचं बोललो."

मग प्रश्न आला बंदूक कुठल्या जातीची. स्प्रिंगची घ्यावी तर ती सुटताना पुढे-मागे दोन्हीकडे लाथ मारते. टाकीची घ्यावी तर तिला पाणबुड्यांसारखं हवेचं नळकांडं लागतं, पण चाप ओढताना लोणी कापल्यासारखं वाटतं. पंपाची घ्यावी तर दर गोळीला हात भरून येतो. दस्ता महोगनीचा घ्यावा की काळ्या शिसवीचा, दुर्बीण चारपट की बारापट, यावर दोन दिवस गेले. जुहानाने वहीत रकाने आखले. वजन, आवाज, पल्ला, आयुष्य. प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. बेरीज केली तर सगळ्या बंदुकांना एकतीस ते तेहेतीसच्या मध्ये गुण पडले. त्याने रकाना वाढवला: 'एकूण भावना'. तिथेही सगळ्या सातवर अडकल्या.

सातव्या दिवशी रुकोयाने वही पाहिली. तिने ती शांतपणे वाचली, मिटली आणि गरम तव्याखाली घालायला नेली.

"अहो, अहो!"

"मलाही असेच गुण दिले होते का?"

जुहाना ताटातल्या चटणीकडे पाहू लागला. त्याचा अर्थ तिला कळला.

"किती?"

"तुमच्यापुढे दुसरं कुणी नव्हतंच, बू रुकोया. एकच ओळ होती."

"उद्या पहाटेची बस पकडा," ती म्हणाली. "बंदुकीशिवाय परत आलात तर मी त्याच बसने निघेन."

चिपाचिंगच्या बंदूकवाल्यांकडे पोचायला अर्धा दिवस गेला. रस्त्याच्या दुतर्फा घराघरात नळ्या तासत होते, दस्ते घासत होते. जुहाना तिसऱ्या घरात शिरला, कारण पहिल्या दोन घरांतून बाहेर पडताना त्याला वाटलं होतं की परत एकदा पाहावं. तिथे हाजी माकमुन नावाचे म्हातारे बसले होते. अंगभर लाकडाचा भुसा.

"सगळ्यात चांगली कोणती?" जुहानाने विचारलं.

"मारायचं काय?"

"खारी."

"किती लांबून?"

"वीस ते पस्तीस पावलं."

"अंदाजे?"

"अंदाजे नाही," जुहाना दुखावून म्हणाला. "मी मोजणी खात्यात होतो. त्या दारापासून तो फणस साडेसव्वीस पावलं आहे."

हाजींनी फणसाकडे पाहिलं, मग जुहानाकडे, आणि पहिल्यांदाच जागेवरून उठले. त्यांनी आधी टाकीवाली दिली. जुहानाने ती जड बंदूक खांद्याला लावली. मिनिटभरात नळी अशी थरथरायला लागली की जणू तिलाच ताप आलाय.

"ठेवा खाली. ही घेऊन तुम्ही खारीला मारणार नाही, वारा घालणार. आणि वर ते नळकांडं भरायला गावाकडून शहरात जाणार रोज? का समुद्रात बुड्या मारायच्या आहेत?"

"पण ताकद तिची..."

"ताकद कुणाला हवीय? म्हैस पाडायचीय?" हाजींनी खिशातून पाचशे रुपियाचं नाणं काढलं. "खारीचं डोकं एवढं. या एवढ्यात पाचदा ओळीने जी बंदूक तुमच्या हातून छर्रा घालेल, ती तुमची. बाकी सगळ्या दुसऱ्यांच्या. लोक माझ्याकडे येऊन बंदूक निवडत नाहीत, शेजाऱ्याला दाखवायचं काहीतरी निवडतात. मी विकतो. मलाही पोट आहे."

नाणं फणसावर चिकटवलं. स्प्रिंगच्या बंदुकीने पाचपैकी एक लागला, एक फणसाला, एक कोंबडीच्या खुराड्याला, दोन कुठे गेले ते कळलंच नाही. मग हाजींनी एक साधी, महोगनीच्या दस्त्याची, खालच्या दांड्याने पंप मारायची बंदूक दिली. साडेचारची.

"वीस पावलांना तीन पंप. तिसाला पाच. पस्तिसाला सहा. जास्त मारू नका, उगाच आवाज होतो. आणि चुकलेला छर्रा कुठे जाऊन पडणार हे आधी बघायचं, खार नंतर."

जुहानाचा चेहरा उजळला. या बंदुकीत मोजण्यासारखं काहीतरी होतं. त्याने अंतर पाहिलं, पंप मोजले आणि चाप ओढला. पाचपैकी चार नाण्यावर. पाचवा नाण्याच्या कडेला. तो परत एकदा बाकीच्या बंदुका पाहू लागला, तेव्हा हाजींनी त्या सगळ्यांवर गोणपाट टाकलं.

"दिसलं की नाही जे दिसायचं ते? न्या आता."

गावात परतल्यावर सारमेदी आणि ओयो यांनी बंदूक हातात घेतली, वजन केलं, नळीतून आभाळ पाहिलं. ओयोला आनंद झाला, कारण साडेचारची होती. सारमेदी म्हणाला, "बायकांनी वाटणं वाटायला बरी आहे." जुहानाने परसात नारळाच्या सोडणावर चार दिवस सराव केला. पंचविसातले बावीस बसू लागले. रोज्यांना सात दिवस उरले.

आता फक्त खारी हव्या होत्या. तो सकाळी सारमेदीच्या बागेत गेला. तिथे तीनशे माड.

"खारी?" सारमेदी म्हणाला. "छे. इथे कुठल्या खारी?"

तेवढ्यात दोघांच्या मध्ये एक पोकळ शहाळं येऊन आदळलं. वर झुबकेदार शेपूट झावळीआड गेलं.

"वारा," सारमेदी म्हणाला.

एकही झावळी हलत नव्हती. माडाच्या बुंध्याशी, फळीवर, पिकलेली केळी सोलून ठेवली होती.

"आणि ही केळी?"

सारमेदीने मान खाली घातली. "कांग, तुमच्यापासून काय लपवायचं? थोरली पुढच्या वर्षी लग्नाची आहे. धाकटी तीन वर्षांनी. नवऱ्या मुलाला शेपट्या मिळाल्या नाहीत तर तो दुसरीकडे जाईल. ज्या घरी खारी, त्या घरी सोयरीक. थोरलीच्या पाच, धाकटीच्या पाच, वर एकदोन आजारपणाला. मुलींचं स्त्रीधन आहे ते. त्यावर तुम्ही बंदूक रोखणार?"

ओयोच्या बागेत कुत्रा बांधला होता, खारींच्या राखणीला. तिसऱ्या बागेत बाई म्हणाली, आमचा अजून पाळण्यात आहे, पण दिवस काय, भर्रकन जातात. चौथ्या बागेत त्याला बंदूक पाहताच चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवायला आले. तिन्हीसांजेपर्यंत जुहानाला उलगडलं, की दोन महिन्यांत गावाने खारी मारायचं सोडून पाळायला घेतलं होतं. कुवूंच्या कपाटात दहा शेपट्या जमल्या होत्या. माडांवर त्याच्या कितीतरी पट नव्या आल्या होत्या. स्वतः कुवूंच्या बागेत पाटी होती: 'आत येऊ नये.' त्यांचा मुलगा तेवीस वर्षांचा होता.

"सहा दिवस," रुकोया शेंगदाणे कुटत म्हणाली. तिने पिशवी भरायला काढली होती. पिशवीत बाळाचं झबलं होतं, हे जुहानाने पाहिलं. ती चटणी आज फार तिखट झाली होती, आणि तिचे डोळे तिखटानेच लाल झाले होते असं तिने सांगितलं.

गावात एकच जागा अशी होती, जिथल्या माडांना मालक नव्हता. कब्रस्तान. मागे दलदल, पलीकडे घर नाही. माड जुने, उंच, आणि खारी लठ्ठ. कुणी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहत नसे, कारण मेलेल्यांच्या डोक्यावर बंदूक चालवणं म्हणजे पमाली. पमाली म्हणजे करू नये ते. का करू नये असं विचारणंही पमालीच.

रोज्यांच्या आधी लोक कबरी साफ करायला जातातच. दुसऱ्या दिवशी बाजाराचा वार साधून जुहाना सकाळी निघाला. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्यात विळा आणि चादरीत गुंडाळलेली बंदूक. पहिली बायको एनोह आंब्याजवळच्या रांगेत होती. त्याने गवत काढलं, पाणी शिंपलं, फुलं ठेवली, प्रार्थना म्हटली. मग दगडाकडे वाकला.

"एनोह," तो हळूच म्हणाला, "समजा..."

तिथेच थांबला. ती असती तर तिनेही तेच विचारलं असतं, समजा काय समजा.

"मी लग्न करतोय. ती चटणीवाली. तुला तिची चटणी आवडायची. खारी मारायच्या आहेत, त्या तुझ्याच डोक्यावर आहेत. रागावू नकोस. आवाज बेताचा ठेवतो."

तो उठून बराच मागे गेला. तिच्या कबरीलगतच्या माडावर, तीस पावलांवर, एक खार शहाळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली होती. पाच पंप. नेम. चाप. छर्रा वरून गेला. खारीने मान वळवून पाहिलं आणि परत खायला लागली. दुसराही वरून. तिसराही.  परसात सोडणं जमिनीवर होती. इथे नळी आभाळाकडे. मग एकदम, अगदी एनोह भात वाढताना बोलायची तशा आवाजात, त्याच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं: जरा खाली धर की.

आणि त्याला आपली तीस वर्षांची नोकरी आठवली. डोंगर मोजताना उतार कोण मोजतं? खालची सपाट जमीन मोजायची. खार तिरक्या रेषेत तीस पावलं असेल; माडाच्या बुंध्यापर्यंत जमिनीवरून एकवीसच. त्याने तीन पंप मारले, जरा खाली धरलं, चाप ओढला. खार एनोहच्या कबरीपासून हातभर अंतरावर पडली. तडफडलीसुद्धा नाही.

अर्ध्या तासात तीन झाल्या. चौथीवर नेम धरला तेव्हा मागून खोकला आला. कब्रस्तानाचे राखणदार, अकी उहा; अकी म्हणजे आजोबा, आणि वय किती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"पमाली!" म्हातारा ओरडला. "शरम नाही? बायकोच्या कबरीवर?"

"तिला विचारलं, अकी."

"आणि बाकीच्यांना? हे दोनशे लोक झोपलेत, त्यांना? सगळे तुझ्या सासरचे आहेत?" त्यांनी काठी आपटली. "ज्याच्या-ज्याच्या डोक्यावर खार आहे, त्याची-त्याची परवानगी आण. नाहीतर चालता हो."

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. जुहाना तीन शेपट्या घेऊन रुकोयासमोर उभा राहिला तेव्हा तिथे जेवणारी सगळी गिऱ्हाइकं चावायची थांबली होती.

"खरंय ते?" तिने विचारलं. "एनोहताईंच्या तिथे?"

"हो."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

जुहानाने विचार केला. खोटं बोलायचं तर ही वेळ चांगली होती. "म्हणाली, जरा खाली धर."

रुकोयाने पळी खाली ठेवली. ओठ घट्ट दाबले, पण खांदे हलायला लागले. मग ती इतकी हसली की एका गिऱ्हाइकाच्या ताटात डोळ्यांतलं पाणी पडलं. त्याने तक्रार केली नाही.

"दोन राहिल्या ना?" ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "आमचे दुलमनान पश्चिमेच्या रांगेत आहेत. तिथे तर खारींची जत्रा असते. उद्या सकाळी येते मी. त्यांना मी विचारते. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

तिचा नवरा दुलमनान ट्रकवर ड्रायव्हर होता. हयातभर त्याचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा. सकाळी रुकोया त्याच्या कबरीशी उकिडवी बसली, गवत काढलं, पाणी घातलं, आणि मग नुसता दगडावर हात ठेवला. जुहाना चार पावलं मागे बंदूक घेऊन उभा. अकी उहा दगडावर बसून साक्षीदाराच्या तोऱ्यात विडी ओढत होते. वेळ जात होता. रुकोया दगडावरचा हात काढत नव्हती. जुहानाच्या मनात आलं, ही आता उठेल आणि सरळ बसस्टँडवर जाईल. आणि आपल्याला तेही बरोबरच वाटेल. हे त्याला फार लागलं. मोजता येण्यासारखं काहीच नव्हतं त्यात.

तेवढ्यात एक जाडजूड खार माडावरून उतरली, पलीकडच्या कुंपणावर आली आणि रुकोयाकडे टक लावून पाहू लागली.

"काय म्हणतात?" अकींनी विचारलं.

"गप्प आहेत," रुकोया म्हणाली. "एकवीस वर्षांच्या संसारात एकदाही गप्प बसले नाहीत. आवडलं नसतं तर दगड फोडून बोलले असते." तिने नाक ओढलं, हात काढला. "हं. मारा, कांग. मागे दलदल आहे, मी पाहिलंय."

दहा पावलं. दोन पंप. जुहानाने यावेळी एकदाच मोजलं. पाचवीही त्याच रांगेत मिळाली, माडाच्या शेंड्यावर. अकी उहा म्हणाले, हात बरा आहे, माझ्या नातवाचंही ठरतंय, जरा बोलू नंतर.

पंचायतीत कारकुनाने पाचही शेपट्या पट्टीवर ताणल्या. हुंगल्या. मग रजिस्टर उघडलं. शेजारच्या गावातून शेपट्या येतात अशी ओरड झाल्यापासून त्यात एक नवा रकाना आला होता.

"कुणाच्या बागेतल्या?"

जुहानाने घसा साफ केला. रुकोयाने त्याला कोपराने मागे सारलं.

"तीन त्यांच्या बायकोच्या तिथल्या, दोन माझ्या नवऱ्याच्या तिथल्या. लिही, घरच्यांच्या."

कारकून लेखणी उचलून तिच्याकडे पाहत राहिला. लिहावं की नाही याचा नियम फर्मानात नव्हता. बाहेर कुवू कुणालातरी सांगत होते की योजनेला उत्तम प्रतिसाद आहे. कारकुनाने 'घरच्यांच्या' असं लिहिलं, दाखला भरला आणि शिक्का मारला.

रुकोयाने दाखल्यावरची शाई फुंकून वाळवली, दाखला घडी करून पदराला बांधला आणि तिथेच उभी राहून बांडुंगला फोन लावला.

"येयेन? ऐक. पोराला सांभाळायला बाई बघ एखादी. मी शुक्रवारी लग्न करतेय." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "नाही गं, तुझ्या बाबांसारखे नाहीत, हळू बोलतात. आणि तू त्यांना ओळखतेस, ते चटणीत मिरची कमी करायला सांगणारे. हो, तेच. नाही, अजून ठरलेलं नाही त्यांचं, मिरचीचं."